जुन्या यामाहा जी-१ गोल्फ कार्टची बेअरिंगे: पीचट्री सिटीजवळच्या एका कार्यशाळेचा अनुभव

आमच्या घरची यामाहा जी-१ ही पेट्रोलवर चालणारी गोल्फ कार्ट १९८७ सालची आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या इंजिनातल्या क्रँकची (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याची) दोन्ही बेअरिंगे आणि दोन्ही ऑइल सील मी एका छोट्या कार्यशाळेतून बदलून घेतली, आणि त्यानंतर चार महिने गाडी रोज वापरल्यावर त्या कामाविषयी सविस्तर लिहावे असे मनापासून वाटले. ही कार्यशाळा जॉर्जिया राज्यात, पीचट्री सिटी आणि न्यूनन या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर, एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. मालक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ असून ते एकटेच काम करतात. वर्षभरात हातून होतील तेवढी इंजिने त्यांच्याकडे ओळखीतूनच येत असल्यामुळे आपले नाव कुठे लिहू नये अशी त्यांनी विनंती केली, ती मी पाळतो आहे. पीचट्री सिटीत जुनी पेट्रोल गाडी असलेल्या कोणालाही विचारले, तर त्यांचा पत्ता मिळतो.

गोल्फ कार्ट म्हटले की खेळाचे हिरवे मैदान डोळ्यांसमोर येते, पण अटलांटाच्या दक्षिणेला असलेल्या या गावात ती घरातली दुसरी किंवा तिसरी गाडीच आहे. गावभर सुमारे १०० मैलांच्या वेगळ्या वाटा झाडीतून, तळ्यांच्या काठाने, मोठ्या रस्त्यांखालच्या बोगद्यांतून आणि पुलांवरून काढलेल्या आहेत. गावात नोंदणी झालेल्या गोल्फ कार्टची संख्या १०,००० च्या वर आहे, आणि मॅकिंटॉश हायस्कूलच्या आवारात मुलांच्या गोल्फ कार्ट रांगेने उभ्या असलेल्या दिसतात. माझी आई पुण्याहून येऊन आमच्याकडे राहू लागल्यापासून आमच्यासाठी ही गाडी गरजेची झाली. तिचे दोन्ही गुडघे दुखतात, मोटारीत चढणे-उतरणे तिला जड जाते, आणि लेक पीचट्रीच्या काठावरच्या ग्रंथालयापर्यंतची रोजची संध्याकाळची फेरी हा तिच्या दिवसाचा सगळ्यात आवडता भाग आहे. गाडी बंद पडली की तिचे बाहेर पडणेच थांबते. म्हणून दुरुस्ती नीट झाली की नाही, या प्रश्नाला आमच्या घरात खरोखर वजन होते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. अमेरिकेत येण्यापूर्वी मी १७ वर्षे चिंचवडच्या एका बेअरिंग कारखान्यात तपासणी विभागात होतो. इंजिन खोलून जोडण्याचा अनुभव मला नाही, पण बेअरिंग कशाने खराब झाले हे त्याच्या कड्यावरून वाचण्याचे काम मी पुष्कळ केले आहे. त्यामुळे या परीक्षणात कुठे गरजेपेक्षा जास्त बारकावा आला असेल, तर तो त्या सवयीचा भाग समजावा.

जी-१ चे इंजिन एका सिलिंडरचे, दोन स्ट्रोकचे आणि हवेने थंड होणारे आहे. पुण्यात ज्यांनी जुनी चेतक किंवा आरएक्स-१०० वापरली असेल त्यांना त्याची रचना लगेच कळेल. चेतकच्या तुलनेत फरक एवढाच की इथे तेल पेट्रोलमध्ये हाताने मिसळावे लागत नाही, त्यासाठी वेगळी टाकी आणि इंजिनावर चालणारा छोटा पंप आहे. दोन स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या खोलीत वंगणाचा साठा नसतो. पेट्रोल, हवा आणि तेल यांचे जे मिश्रण क्रँकच्या खोलीतून सिलिंडरकडे जाते, त्यातल्या तेलाच्या तुषारावरच क्रँकची बेअरिंगे जगतात. शिवाय ही खोली हवाबंद असावी लागते, कारण पिस्टन वर जाताना तिथे निर्माण होणाऱ्या पोकळीनेच मिश्रण आत ओढले जाते. क्रँकच्या दोन टोकांना असलेली रबरी ऑइल सील ही हवाबंदी राखतात. आता बेअरिंग झिजून क्रँकला उभा खेळ आला, म्हणजे सीलचा ओठ प्रत्येक फेऱ्याला एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला उघडा पडतो. तिथून बाहेरची कोरडी हवा आत शिरते, मिश्रणातले पेट्रोल आणि त्याबरोबर तेलही प्रमाणाने कमी पडते, इंजिन तापते, आणि दुर्लक्ष केले तर एखाद्या चढावर पिस्टन सिलिंडरमध्ये आवळून बसतो. झिजलेले बेअरिंग आवाज करते हा त्रासाचा लहान भाग आहे. ते सील खाते आणि सील गेल्यावर इंजिन जाते, हा मोठा भाग आहे.

आमच्या गाडीत हेच चालले होते आणि मला ते वेळेवर कळले नाही, याची मला आजही खंत आहे. वडिलांच्या आजारपणात मी जवळजवळ दोन वर्षे बहुतेक काळ पुण्यात होतो आणि गाडी इथे गॅरेजमध्ये तशीच उभी होती. परत आल्यावर ती सुरू झाली, पण काही महिन्यांत क्लचच्या मागे तेलाचा ओलसर थर दिसू लागला आणि इंजिनाकडच्या क्लचवरून मागच्या क्लचकडे जोर नेणारा पट्टा घसरू लागला. तेव्हा मी गावातल्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. त्यांनी क्लच काढून त्या बाजूचे सील बाहेरूनच बदलले, पैसे घेतले आणि गाडी परत दिली. सील का गेले असावे हा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि दुर्दैवाने मीही विचारला नाही. नवे सील सात महिने टिकले. त्यानंतर पुन्हा तोच ओलसरपणा, त्याच्या जोडीला वेग वाढेल तशी चढत जाणारी एक घरघर, आणि स्पार्क प्लग काढून पाहिला तर त्याचे टोक पांढरे. प्लगचा रंग तपकिरी असायला हवा. पांढरा म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त. त्या दिवसापासून मी आईला गाडीत बसवणे बंद केले.

नव्या कार्यशाळेत पहिला चांगला अनुभव आला तो तपासणीचा. मालकांनी इंजिन बेअरिंगविषयी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि मग सांगितले की, घरघर इंजिनाचीच आहे हे आधी सिद्ध व्हायला हवे. या गाडीत पेडल दाबले की स्टार्टर-जनरेटर पट्ट्याने इंजिन फिरवतो, इंजिन सुरू झाल्यावर तोच जनरेटर बनतो, आणि पेडल सोडले की इंजिन थांबते. म्हणजे स्टार्टर-जनरेटरची बेअरिंगे इंजिनाबरोबर सतत फिरतात. मागच्या क्लचची आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टची बेअरिंगेही असाच आवाज करू शकतात, आणि आवाज लोखंडातून प्रवास करत असल्यामुळे कान सहज फसतो. त्यांनी दोन्ही पट्टे उतरवले, प्लग काढला आणि एकेक भाग हाताने सावकाश फिरवून पाहिला. स्टार्टर-जनरेटर मऊ फिरला, गिअरबॉक्सही मऊ. क्रँक फिरवताना मात्र बोटांना बारीक खरखर जाणवत होती, आणि ती त्यांनी मलाही माझ्या हाताने पाहायला लावली. नंतर क्लचच्या टोकाशी डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणारे मापक) लावून त्यांनी शाफ्ट वर-खाली हलवला. काटा जितका हलला तितका खेळ कोणत्याही निरोगी बेअरिंगमध्ये असूच शकत नाही, हे सांगायला मला कोणाची गरज नव्हती. हे सगळे सुमारे चाळीस मिनिटांत झाले आणि त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. आधीच्या गॅरेजमध्ये ही चाळीस मिनिटे कोणी दिली असती, तर एका सीलचा आणि सात महिन्यांच्या झिजेचा खर्च वाचला असता.

दुसरा अनुभव थोडा अवघड होता, पण त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मी इंटरनेटवरून बेअरिंग आणि सील यांचा एक तयार संच आधीच मागवून ठेवला होता आणि तो बरोबर नेला होता. त्यांनी डबा उघडला, बेअरिंग हातात घेतले आणि हे मी बसवणार नाही असे स्पष्ट सांगितले. त्यांची कारणे दोन होती आणि दोन्ही बरोबर होती. पहिले म्हणजे, त्या बेअरिंगांना दोन्ही बाजूंनी रबरी झाकणे होती. पंख्याच्या मोटारीत किंवा गाडीच्या चाकात असे बेअरिंग उत्तम, कारण आतले ग्रीस आत राहते आणि धूळ बाहेर. दोन स्ट्रोकच्या क्रँकमध्ये मात्र वंगण बाहेरूनच, तुषाराच्या रूपाने यायचे असते. झाकण त्याला अडवते आणि आतले ग्रीस पेट्रोलने हळूहळू धुऊन जाते. इथे उघडे बेअरिंगच हवे. झाकणे चिमट्याने काढून टाकून तेच वापरता येईल का, असे मी विचारले. तेव्हा त्यांनी मला बेअरिंगच्या कड्यावरचा क्रमांक वाचायला सांगितला, आणि दुसरे कारण तिथे होते.

ज्यांना हा क्रमांक वाचायची सवय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो, कारण भाग विकत घेताना याचा फार उपयोग होतो. उदाहरण म्हणून ६२०५ हा क्रमांक घ्या. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो, म्हणजे २५. बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर. ६३०५ चे भोकही २५ चेच, पण अंग भारी, बाहेरचा व्यास ६२ आणि जाडी १७. क्रमांकानंतर येणारी अक्षरे मात्र बहुतेक लोक वाचतच नाहीत, आणि इंजिनासाठी महत्त्वाची गोष्ट तिथेच लिहिलेली असते. सी-३ असे लिहिलेले असेल तर छर्रे आणि कडी यांच्यातली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त ठेवलेली आहे असा त्याचा अर्थ. २५ मिलिमीटर भोकाच्या बेअरिंगमध्ये नेहमीची मोकळीक ५ ते २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते, तर सी-३ मध्ये १३ ते २८ मायक्रॉन. हा फरक केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी आहे, तरी तो निर्णायक ठरतो. बेअरिंग घट्ट बसवताना आतले कडे थोडे फुगते, बाहेरचे थोडे दाबले जाते, आणि इंजिन तापल्यावर क्रँककडचे आतले कडे बाहेरच्यापेक्षा जास्त तापून आणखी फुगते. ही सगळी वाढ त्या मोकळीकीतूनच वजा होते. नेहमीच्या मोकळीकीचे बेअरिंग हातात घेतले तर छान घट्ट आणि दर्जेदार वाटते, पण तापलेल्या इंजिनात त्याच्या छर्‍यांना जागाच उरत नाही. माझ्या संचातल्या बेअरिंगवर सी-३ नव्हते; खरे तर क्रमांकापलीकडे काहीच नव्हते, कोणत्या कारखान्यात बनले तेही नाही. मी १७ वर्षे हे काम केलेला माणूस, आणि स्वस्त किमतीकडे पाहून क्रमांक न वाचताच मागवून बसलो होतो. त्यांनी नामांकित कंपनीची उघडी, पोलादी केज (छर्रे ठराविक अंतरावर धरून ठेवणारी चौकट) असलेली सी-३ बेअरिंगे पुरवठादाराकडून मागवली. दोन्हीची किंमत मिळून माझ्या सबंध संचापेक्षा थोडी जास्त झाली.

इथे एक गोष्ट कळवावीशी वाटते. न्यूननमध्ये यामाहाचा १९८६ साली स्थापन झालेला मोठा कारखाना आहे आणि तिथे गोल्फ कार्ट बनतात, म्हणून जी-१ चे भाग शेजारीच मिळत असतील असे मला वाटत होते. तसे होत नाही. दोन स्ट्रोकचे हे मॉडेल ऐंशीच्या दशकातले, आणि त्यानंतरच्या गाड्या चार स्ट्रोकच्या. जुन्या इंजिनाची गास्केटे आणि सील मागवूनच घ्यावी लागतात. बेअरिंगचे मात्र तसे नाही. ती प्रमाणित मापाची वस्तू आहे. क्रमांक आणि त्यापुढची अक्षरे बरोबर असली तर ती गाडीच्याच दुकानातून घ्यायला हवी असे मुळीच नाही.

इंजिन खोलण्याच्या दिवशी त्यांनी मला समोर बसू दिले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. क्लच क्रँकच्या निमुळत्या टोकावर आवळून बसलेला असतो आणि तो काढण्यासाठी खास पुलर लागतो. पहारीने उचकटून काढला की क्लचची थाळी किंवा क्रँकचे टोक वाकते. इंजिनाच्या केसचे (बाहेरच्या धातूच्या कवचाचे) दोन भाग वेगळे करतानाही त्यांनी सांध्यात स्क्रूड्रायव्हर घातला नाही. सांध्याच्या पृष्ठभागावर एक ओरखडा पडला तरी तिथून हवा गळते, आणि जी गळती थांबवण्यासाठी एवढा खटाटोप करायचा तीच आपण हाताने निर्माण करतो. त्यांच्याकडे यासाठी घरीच बनवलेली जाड पोलादी पट्टी आहे, तिला स्क्रू लावून ते क्रँक दाबतात आणि केस सरळ उघडते.

जुनी बेअरिंगे बाहेर आली तेव्हा मी ती पेट्रोलने धुऊन, कडी वेगळी करून उन्हात पाहिली. क्लचच्या बाजूच्या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, खालच्या भागात, समान अंतरावर काळपट खड्डे होते, आणि ते अंतर बरोबर दोन छर्‍यांमधल्या अंतराइतके होते. हे दृश्य मी कारखान्यात अनेकदा पाहिले होते. फिरून झिजलेल्या बेअरिंगची खूण वाटेवर सलग पसरलेली असते. असे ठराविक अंतरावर गंजाचे काळपट डाग दिसले तर बेअरिंग उभे असतानाच बिघडले आहे. इथे पेट्रोलमध्ये सर्रास १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, इथेनॉल पाणी ओढते, आणि जॉर्जियाच्या दमट हवेत दिवस-रात्रीच्या तापमानफरकाने क्रँकच्या खोलीत दव साचते. दोन वर्षे गाडी एका जागी उभी होती. छर्रे जिथे कड्याला टेकले होते तिथे ओल धरून राहिली, गंज लागला, आणि पुन्हा गाडी सुरू झाल्यावर प्रत्येक छर्रा प्रत्येक फेऱ्याला त्या खड्ड्यांवरून आदळत गेला. खड्ड्यांच्या कडा पुढे सोलल्या गेल्या होत्या आणि पोलादाचे पापुद्रे निघू लागले होते. आवाज, खेळ, सीलची झीज, सगळ्याचे मूळ त्या दोन वर्षांत होते. फॅनच्या बाजूचे बेअरिंग त्यामानाने बरे होते, पण त्यावरही डागांची सुरुवात दिसत होती.

गाडी दीर्घकाळ उभी ठेवणार असाल तर पेट्रोल पूर्ण काढून, कार्बोरेटर रिकामा करून, प्लगच्या भोकातून आणि मिश्रण जाण्याच्या वाटेतून तेलाची फवारणी करून क्रँक हाताने फिरवून ठेवावी, आणि घरातल्या कोणालातरी महिन्यातून एकदा ती थोडी फिरवायला सांगावी, म्हणजे छर्रे एकाच जागी टेकून राहत नाहीत. मी हे कोणालाच सांगून गेलो नव्हतो. तेव्हा मन दुसरीकडे होते.

जोडणीचे काम मला फार आवडले. त्यांनी केसचे दोन्ही भाग एका जुन्या भट्टीत सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले आणि बेअरिंगे आदल्या रात्रीपासून फ्रीजरमध्ये ठेवली होती. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या घरात (केसमधल्या बेअरिंगच्या जागेत) थंड पोलादी कडे स्वतःच्या वजनाने खाली बसले, हातोड्याचा एक ठोकाही लागला नाही. हातोड्याने बेअरिंग बसवणारे कारागीर मी पुण्यातही पाहिले आहेत आणि इथेही. बाहेरचे कडे घरात बसवायचे असताना आतल्या कड्यावर ठोकले, तर तो सगळा आघात छर्‍यांमधून जातो आणि नव्या बेअरिंगच्या वाटेवर पहिल्याच दिवशी बारीक खड्डे पडतात. क्रँक बसवण्याआधी त्यांनी ती व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या आधारांवर) ठेवून दोन्ही टोकांची फिरत, म्हणजे फिरताना टोक किती डोलते ते, मोजली आणि काटा ०.०३ मिलिमीटरच्या आत राहिला तो आकडा मला दाखवून वहीत लिहिला. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक यांना जोडणाऱ्या दांड्याच्या) मोठ्या टोकाचा खेळ त्यांनी हाताने आणि फीलर पट्टीने तपासला. तो मर्यादेत आहे पण नव्यासारखा नाही, असे सांगून क्रँक दाबून उघडायची आणि रॉड बदलायचा, की आहे तसे ठेवायचे, हा निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला. खर्च जवळजवळ दीडपट झाला असता म्हणून मी ठेवायला सांगितले. रॉडच्या वरच्या टोकाचे नीडल बेअरिंग, पिस्टनच्या रिंगा आणि पिनेच्या क्लिपा मात्र नव्या घातल्या. केस बंद करण्याआधी बेअरिंगांवर आणि सीलच्या ओठांवर दोन स्ट्रोकचे तेल लावले, ग्रीस नाही.

यानंतर त्यांनी जे केले ते माझ्या मते या कार्यशाळेकडे जाण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. कार्बोरेटर आणि सायलेन्सरच्या जागा रबरी बुचांनी बंद करून, हातपंपाने त्यांनी क्रँकच्या खोलीत ६ पौंड दाब भरला आणि आम्ही दोघे काट्याकडे बघत बसलो. पहिल्या खेपेला काटा दोन मिनिटांत निम्म्यावर आला. साबणाचे पाणी फवारल्यावर सिलिंडरच्या तळच्या गास्केटपाशी बुडबुडे दिसले. त्यांनी एक शब्दही न बोलता सिलिंडर पुन्हा काढला, पृष्ठभाग साफ केला, नवे गास्केट घातले आणि पुन्हा दाब भरला. या वेळी काटा दहा मिनिटे जागचा हलला नाही. ही तपासणी न करणारी दुकाने पुष्कळ आहेत. गाडी सुरू होते, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते, आणि गळती पुढच्या उन्हाळ्यात कळते.

शेवटी तेलाचा पंप. इंजिन काढताना त्याची नळी सुटते आणि तिच्यात हवा शिरते. ती हवा काढल्याशिवाय इंजिन चालवले तर नव्या बेअरिंगांना पहिली काही मिनिटे तेलच मिळत नाही. त्यांनी नळीतले बुडबुडे पूर्ण जाईपर्यंत तेल वाहू दिले, आणि तरीही पहिल्या टाकीच्या पेट्रोलमध्ये वेगळे तेल मिसळले, जेणेकरून पंपात काही खोट असलीच तर इंजिन वाचावे. पहिली टाकी संपेपर्यंत गाडी थोडी धूर सोडत होती, नंतर धूर कमी झाला.

आता त्रासाच्या गोष्टी, कारण त्याही आहेत. काम तीन आठवड्यांत होईल असे सांगितले होते, सात आठवडे लागले. सील येण्यास झालेला उशीर समजू शकतो, पण मधल्या काळात त्यांनी स्वतःहून एकदाही कळवले नाही. फोन ते फक्त संध्याकाळी घेतात आणि निरोपाला उत्तर देत नाहीत. आई दर दोन दिवसांनी गाडीची चौकशी करायची आणि माझ्याकडे सांगण्यासारखे काही नसायचे. कार्ड चालत नाही, रोख किंवा चेकच द्यावा लागतो. गाडी परत आली तेव्हा सीटखालच्या झाकणाच्या दोन क्लिपा नव्हत्या, आणि इंजिनाच्या बाहेरून सांध्यावर गास्केटचा लेप ओघळलेला तसाच होता. त्याने कामात काही बिघडत नाही, पण इतक्या नेटक्या हाताच्या माणसाने तो पुसला असता तर बरे वाटले असते. कामाची हमी ९० दिवसांची आहे, आणि एवढ्या मोठ्या कामाला ती सहा महिन्यांची तरी असायला हवी असे माझे मत आहे.

खर्च एकूण ८४० डॉलर झाला. त्यात नऊ तासांची मजुरी ५८५, सगळे भाग मिळून १७५ आणि ट्रेलरवरून नेण्या-आणण्याचे ८० डॉलर. अंदाज लेखी दिला होता, ७५० ते ८५० असा, आणि शब्द पाळला. सिलिंडर दुसऱ्यांदा काढण्याची मजुरी त्यांनी लावली नाही. एवढ्या जुन्या गाडीवर एवढे पैसे घालावेत का, असे मला दोन मित्रांनी विचारले. जुन्या गाड्यांतून काढलेले वापरलेले इंजिन कमी पैशांत मिळाले असते, पण तेही कुठेतरी वर्षानुवर्षे उभे असणार आणि त्याच्या बेअरिंगांवर काय लिहिलेले आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही. गाडी बॅटरीवर करून घेण्याचा खर्च कितीतरी जास्त आहे. माझ्या गाडीची चासी सरळ आहे, सिलिंडरवर ओरखडे नव्हते, आणि क्रँक सरळ निघाली. या तिन्ही गोष्टी असतील तर बेअरिंगे बदलणे हाच योग्य खर्च आहे असे मी म्हणेन. पिस्टन आधीच आवळला असता आणि सिलिंडर खरवडला गेला असता, तर मी वेगळा विचार केला असता.

चार महिन्यांनंतरची स्थिती अशी. क्लचच्या मागची जागा कोरडी आहे. दर रविवारी मी तिथे पांढरा कपडा फिरवून पाहतो. प्लगचे टोक फिक्या तपकिरी रंगाचे आहे. तळ्याकडून वर येणाऱ्या लांब चढावर पूर्वी इंजिनाचा जोर निम्म्यावर यायचा, आता आई आणि मी दोघे बसूनही तो टिकतो. घरघर पूर्ण गेली आहे, इतकी की आता मागच्या क्लचमधली एक बारीक टिकटिक ऐकू येऊ लागली, जी पूर्वी त्या आवाजाखाली दबलेली असणार. कनेक्टिंग रॉडचा निर्णय मात्र मनात राहिला आहे. इंजिन उघडे असतानाच ते काम करून घेतले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते, आणि कोणी माझ्याच परिस्थितीत असेल तर त्याने जास्तीचे पैसे त्याच वेळी घालावेत.

या कार्यशाळेकडे जायचे असेल तर गाडीच्या मालिका क्रमांकाच्या पट्टीचा स्पष्ट फोटो बरोबर न्यावा, कारण भाग त्यावरूनच मागवले जातात. वसंत ऋतू सुरू झाला की त्यांच्याकडे रांग लागते, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ धरावा. जुने भाग परत मागावेत. मालक ते पुठ्ठ्याच्या डब्यात, कोणत्या बाजूचे कोणते ते लिहून देतात. आमची जुनी बेअरिंगे मी गॅरेजमधल्या फळीवर ठेवली आहेत. मागच्या क्लचचे बुश बदलण्यासाठी मी पुढच्या नोव्हेंबरची तारीख त्यांच्याकडून घेतली आहे, आणि त्याच खेपेला ते सीटच्या दोन क्लिपाही बसवून देणार आहेत.